पुडक्यावरचं नाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोधीखेड्याच्या बाजारात एखादं तिखट किंवा एखादा पापड लोक नाव घेऊन मागायला लागले, की ते नाव सौंसर, सावनेर करत नागपूरपर्यंत जातं. नाव पोचतं तिथे त्याची नक्कल करणाराही पोचतो. तरी ट्रेडमार्कचा विषय काढला की दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं: ‘आपलं जीएसटी आहे ना, त्यात नाव आलंच की.’

आलं नाही. जीएसटी क्रमांक करासाठी असतो, गुमास्ता दुकानासाठी, एफएसएसएआयचा परवाना खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्यासाठी. कंपनीची नोंदणी केली तरी त्यातून मालावरच्या नावाचा हक्क मिळत नाही. दुसऱ्याला ते नाव वापरण्यापासून अडवण्याचा अधिकार यांपैकी एकाही कागदात नाही. तो मिळतो ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली, आणि हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. उद्यम प्रमाणपत्राचा मात्र इथे रोख फायदा होतो. ऑनलाइन अर्जाचं शुल्क एरवी ९,००० रुपये आहे; एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ४,५०० रुपये. अर्जासाठी भोपाळ-दिल्लीच्या चकरा मारायचीही गरज नाही. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतात आणि काम घरबसल्या होतं.

हे शुल्क एका वर्गाचं असतं, ही गोष्ट अर्ज भरून देणारे पुष्कळदा नीट सांगत नाहीत. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. आपल्या भागातलं संत्रंच घ्या. पेटीत भरून विकलं तर वर्ग ३१. त्याचा रस बाटलीत भरला तर ३२, जॅम केला तर २९ आणि बर्फी केली तर ३०. बर्फीसाठी नोंदवलेलं नाव रसाच्या बाटलीवर आपोआप लागू होत नाही. तांब्या-पितळेच्या घरगुती भांड्यांचा वर्ग २१, अगरबत्तीचा ३. पुढच्या दोन-चार वर्षांत खरोखर काय विकणार आहोत ते आधी ठरवावं आणि तेवढेच वर्ग घ्यावेत. उगाच पाच वर्ग घेऊन ठेवण्यात पैसे जातात, आणि सलग पाच वर्षं नाव वापरलं नाही तर दुसरा कुणी कलम ४७ खाली ती नोंद रद्द करून मागू शकतो.

नाव निवडताना सगळ्यात मोठा घोळ होतो. ‘शुद्ध तिखट’, ‘गावरान तूप’ अशी नावं गिऱ्हाइकाला लगेच कळतात म्हणून दुकानदाराला आवडतात. नोंदणीत नेमकी हीच अडतात. मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण सांगणारे शब्द सगळ्या व्यापाऱ्यांसाठी मोकळे राहावेत, असं कलम ९ सांगतं. सिगारेटसाठी ‘सिमला’ हे नाव मागणाऱ्या इंपीरियल टोबॅको कंपनीला कलकत्ता उच्च न्यायालयाने याच कारणावरून नकार दिला होता. अनेक वर्षांच्या वापराने अशा शब्दाला स्वतंत्र ओळख मिळाल्याचं सिद्ध करता येतं, पण ते काम महागाचं आहे. ‘नागपूर संत्रा’ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो त्या प्रदेशातल्या उत्पादकांचा सामायिक हक्क आहे, कुणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचा होत नाही.

देवाधर्माच्या नावाचंही तसंच. जामसावळीच्या हनुमानाच्या वाटेवर प्रसाद आणि अगरबत्ती विकणाऱ्यांनी एक निकाल जरूर माहीत करून घ्यावा. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. ज्या शब्दाचा आपल्या मालाशी काही अर्थ लागत नाही असा मनाने घडवलेला शब्द सुरुवातीला गिऱ्हाइकाला अनोळखी वाटतो, पण कायद्यात तोच सगळ्यात भक्कम. माझा सल्ला तरी तोच आहे.

‘एक अक्षर बदललं, चित्र थोडं फिरवलं, की नक्कल होत नाही.’ हा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. नक्कल करणारा त्याच्या भरवशावर निर्धास्त असतो आणि मूळ मालक त्याच्यामुळेच हातपाय गाळतो. पारलेचा खटला दोघांनीही वाचावा. ‘पारले ग्लुको’च्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीने बिस्किटं काढली. त्यांच्याही वेष्टनावर मुलगी होती. तिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा आणि शिदोरीचं गाठोडं, मागे गाई, कोंबड्या आणि शेतघर. खालच्या न्यायालयाने दोन्ही वेष्टनांतले फरक पाहिले आणि पारलेचा दावा फेटाळला. उच्च न्यायालयानेही तेच केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाल फिरवला. गिऱ्हाईक दुकानात दोन पुडके शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. त्याच्या मनात एक ठसा असतो, आणि त्या ठशावर विसंबून तो दुसराच पुडका घेऊन जाईल का, एवढंच पाहायचं, असं न्यायालयाने म्हटलं. उच्चाराचंही हेच. इंग्रजी अक्षरांत नोंदवलेलं नाव कुणी देवनागरीत लिहून विकायला लागला, तरी कानाला ते एकच आहे.

‘आधी नोंदवेल त्याचं नाव’ हे अर्धसत्य आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या प्रसिद्ध दुकानाच्या खटल्यात समोरच्याकडेही नोंदणी होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क वरचढ मानला. त्याच वर्षी मुंबईच्या निऑन लॅबोरेटरीजच्या प्रकरणातही तेच झालं. निऑनचा अर्ज १९९२ चा, पण माल बाजारात आला २००४ मध्ये. समोरची कंपनी १९९८ पासून मिळतंजुळतं नाव वापरत होती. म्हणून जुनी बिलबुकं रद्दीत देऊ नका. वेष्टनं छापून देणाऱ्या प्रेसचं बिल, गावातल्या जत्रेची जाहिरात, पहिल्या वर्षीची बिलं, हे सगळं तारखेसकट जपा. अर्जाच्या आधीपासूनचा वापर सांगायचा असेल, तर शपथपत्रासोबत हेच कागद जोडावे लागतात.

भावाभावांचा धंदा असेल तर नाव कुणाचं आणि कुठवर, हे वाटणीच्या कागदात स्पष्ट असावं. १९७४ मध्ये हल्दीरामची भागीदारी मोडली तेव्हा पश्चिम बंगाल एका शाखेला आणि बाकीचा देश दुसऱ्या शाखेला, असं ठरलं होतं. तरी १९९१ मध्ये दिल्लीत दावा उभा राहिलाच. कागद होता म्हणून बोट ठेवायला जागा तरी होती.

अर्ज केला की लगेच ‘टीएम’ लिहिता येतं. खरं तर अर्जाशिवायही येतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच लावायचा. आधी लावला तर कलम १०७ खाली कारवाई होते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं टिकते आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अर्जाच्या ऑनलाइन स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की अर्ज बाद झाला असं समजून लोक गप्प बसतात. ती फक्त हरकत असते. कार्यालयाचा तपासणी अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचं असतं.

राहिली लढाई. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी ऑनलाइन निघतं. आपल्यासारखं नाव त्यात दिसलं तर विरोध नोंदवायला ४ महिने मिळतात. ते शोधायचं काम कार्यालय आपल्यासाठी करत नाही. आणि नक्कल करणारा मुंबईचा असो की इंदूरचा, नोंदणी असलेल्या मालकाला आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. ही सोय कलम १३४ ने दिली आहे. नोंदणी नसेल तरी दावा लागतो, पण तो बहुतेक वेळा समोरच्याच्या गावी जाऊन लढावा लागतो.