केसरीवाड्याचा फोटो: जेपीईजी की पीएनजी?

पुण्याच्या नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात मानाचा पाचवा गणपती बसतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला, की प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरून ३६ एमबी होतात. गॅलरीत मात्र फाइल दिसते जेमतेम ३-४ एमबीची!

📷 ही करामत जेपीईजीची (१९९२). तो फोटोचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळतो. गाळलेले परत मिळत नाही. फाइल एडिट करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली, की दर्जा घसरत जातो.

📰 आता १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चा जुना अंक स्कॅन करायचा आहे, असं समजा. जास्त दाबलेल्या जेपीईजीत अक्षरांच्या कडांना मळ दिसतो, बारीक अनुस्वार पुसट होतात. इथे पीएनजी (१९९६) किंवा टिफ वापरा. पीएनजीत एकही पिक्सेल बदलत नाही.

✅ थोडक्यात: फोटोला जेपीईजी; लोगो, स्क्रीनशॉट आणि मजकुराला पीएनजी; जतन करायच्या स्कॅनला टिफ.

व्हॉट्सॲपवर मूळ दर्जा हवा असेल, तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि घरातले जुने फोटो स्कॅन करताना मूळ प्रत जपून ठेवा, एडिटिंग कॉपीवरच करा!