स्पर्शाचे रसायन : कार्बनची नळी आणि तिचे अतिथी

दोन रेणू परस्परांच्या स्पर्शात आले म्हणजे त्यांचे रूप पालटतेच असे नाही. कित्येकदा एक रेणू दुसऱ्याच्या पोकळीत नेमका बसतो, काही काळ राहतो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. जागा देणाऱ्यास ‘यजमान’ म्हणता येईल. परंतु त्या शब्दाचे मूळ यज्ञात असल्याने आम्ही ‘आतिथेय’ हा शब्द पत्करतो. आत बसणारा तो अतिथी.

या शाखेचा पाया चार्ल्स पेडरसन यांनी घातला. १९०४ साली कोरियातील बुसान येथे नॉर्वेजियन पिता व जपानी माता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही. दुसराच पदार्थ तयार करताना अत्यल्प प्रमाणात मिळालेले पांढरे स्फटिक त्यांनी फेकून न देता तपासले. ते कड्याच्या आकाराचे रेणू होते आणि धातूचा आयन त्या कड्यात सामावत होता. १९६७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. १९८७ साली डोनाल्ड क्रॅम व झाँ-मारी लेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

१९९१ साली जपानमध्ये सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. ग्रॅफाइटचा एक थर गुंडाळावा, तशी एकपदरी नळी असते. तिचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असल्याने तेथे घडणाऱ्या लहानशा बदलानेही तिच्यातील विद्युतप्रवाह बदलतो. अडचण अशी की, उघडी नळी अतिथींत फारशी निवड करीत नाही. आणि आतिथेय रेणू पक्क्या रासायनिक बंधाने जोडावा, तर तिची षट्कोनी जाळी मोडून प्रवाहास अडथळा होतो.

यावरचा उपाय म्हणजे पायरीन. चार कडी असलेला हा सपाट रेणू, भिंतीला तळहात टेकवावा तसा नळीला चिकटतो. जाळी अभंग राहते. त्याच्या दुसऱ्या टोकाला सायक्लोडेक्स्ट्रिन बांधतात. हा पिष्टापासून मिळणारा, वाटीसारखा रेणू. त्याच्या एका प्रकारात ग्लुकोजची सात एकके असतात. वाटीची बाहेरील बाजू पाण्याशी जुळते, आतील बाजू पाणी टाळते. म्हणून प्लास्टिक-उद्योगातील बिस्फेनॉल-ए सारखा रेणू पाण्यातून तिच्यात शिरू शकतो. अतिथी आला की नळीचा विद्युतरोध बदलतो. तीच त्याच्या आगमनाची वर्दी. बंध दुबळा असल्याने योग्य द्रावकाने धुतल्यास अतिथी निघून जातो. तथापि सारख्या आकाराचा दुसरा रेणूही वाटीत शिरू शकतो. त्यामुळे हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. हे वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य मिसळून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाण्यात काय विरघळले आहे, हे कोणी तपासले नव्हते. पाण्याला कोणी स्पर्श केला, एवढेच पाहिले गेले. पाण्याची शुद्धता मोजण्याची गोष्ट आहे, मानण्याची नव्हे, हे विज्ञान रोज सिद्ध करते.

धम्मात नॅनोनळ्या सांगितल्या होत्या असा दावा आम्ही करणार नाही. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’ असे तो सांगतो. आम्हास तेवढे पुरेसे आहे. पालकांनी आपल्या लेकी-लेकरांना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आणावे आणि माजी विद्यार्थ्यांनी ते दार उघडे ठेवावे. पुढचे पाहणे मुले स्वतः करतील.