दिनदर्शिकेची आज्ञावली आणि वाराचा प्रश्न

महिना व साल दिले असता त्या महिन्याची दिनदर्शिका पडद्यावर छापणारी आज्ञावली लिहावयास सांगणे, हा सी भाषेच्या अध्यापनात जवळजवळ प्रघातच पडून गेला आहे. युनिक्स प्रणालीवर ‘कॅल’ या नावाची अशी आज्ञावली १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहे, आणि विद्यार्थी बहुधा तिचेच अनुकरण करतो. शंभर ओळींत हे काम सहज आटोपते. त्यातील बराचसा भाग यांत्रिक आहे. परंतु जुन्या कागदपत्रांचा अभ्यासक ही आज्ञावली हाताशी घेऊ लागला म्हणजे एक प्रश्न असा उभा राहतो की, ज्याचे उत्तर सी भाषेत नाही, इतिहासात आहे.

यांत्रिक भाग प्रथम उरकून घेऊ. कमांड लाइनवर लिहिलेले महिना आणि साल हे ‘मेन’ या फंक्शनकडे अक्षरमालांच्या रूपाने येतात. त्यांचे अंकांत रूपांतर करण्यासाठी ‘एटूआय’ऐवजी ‘एसटीआरटूएल’ वापरणे इष्ट. कारण ‘एटूआय’ला ‘जून’ असा शब्द दिला तरी ते निमूटपणे शून्य परत करते. बारा महिन्यांच्या दिवससंख्या एका अ‍ॅरेमध्ये ठेवाव्यात व फेब्रुवारीची तेवढी लीप वर्षानुसार दुरुस्त करावी. मग पहिल्या तारखेपूर्वीच्या रिकाम्या जागा सोडून एकेक अंक तीन अक्षरांच्या रुंदीत छापीत जावे व शनिवारनंतर ओळ मोडावी. वारांची नावे देवनागरीत छापावयाची असल्यास मात्र ‘प्रिंटएफ’च्या रुंदीवर विसंबून चालणार नाही. ते रुंदी बाइटांत मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये ‘रवि’ या शब्दाचे नऊ बाइट होतात. रिकाम्या जागा त्या नावांतच लिहून ठेवणे हा सोपा उपाय होय.

आता मूळ प्रश्न : महिन्याच्या पहिल्या तारखेस वार कोणता? चालू सालाच्या पूर्वी होऊन गेलेली वर्षे ‘म’ मानली, तर इ. स. १ च्या १ जानेवारीपासून मोजलेला दिनक्रमांक असा मिळतो :

३६५ × म + म/४ − म/१०० + म/४०० + चालू वर्षातील दिवस

येथील भागाकार पूर्णांकी आहेत. सी भाषेत ते आपोआपच तसे होतात. दिनक्रमांकास सातने भागून बाकी शून्य उरल्यास रविवार, एक उरल्यास सोमवार, याप्रमाणे पुढे. १४ सप्टेंबर १७५२ साठी म = १७५१, वर्षातील दिवस २५८; दिनक्रमांक ६,३९,७९७ आणि बाकी ४, म्हणजे गुरुवार. हे उत्तर बरोबर आहे.

तथापि आदल्या दिवशी इंग्लंडात १३ सप्टेंबर नव्हता, २ सप्टेंबर होता. जुलियन पद्धतीत प्रत्येक चौथे वर्ष निरपवादपणे लीप असे, आणि त्यामुळे साचलेली तफावत काढून टाकण्यासाठी पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. स्पेन व पोर्तुगाल यांनी हा बदल त्याच वर्षी स्वीकारला. इंग्लंडने तो १७५२ साली केला, तोवर तफावत अकरा दिवसांची झाली होती. रशियाने तर १९१८ पर्यंत वाट पाहिली. जुलियन तारखेसाठी वरील सूत्रातून शंभर व चारशे यांची पदे गाळावी आणि शेवटी २ वजा करावे. (या वजाबाकीमुळे इ. स. १ च्या आरंभी संख्या ऋण होते व सी भाषा बाकीही ऋणच देते. तिचा अ‍ॅरेचा निर्देशांक म्हणून उपयोग केल्यास भलत्याच स्मृतीत हात घातला जातो. अशा वेळी बाकीत सात मिळवावे.)

या दोन सूत्रांतील भेद आपल्या इतिहासाला किती जवळचा आहे हे एका उदाहरणावरून दिसेल. शिवराज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ अशी सर्वत्र दिली जाते. ती जुलियन तारीख होय; ग्रेगरीय पद्धतीने तो १६ जून. पहिले सूत्र ६ जून १६७४ ला बुधवार देते, दुसरे शनिवार. जेधे शकावलीत वार शुक्रवार आहे. राज्यारोहण सूर्योदयापूर्वी झाले आणि आपल्याकडे वार सूर्योदयास पालटतो, हे ध्यानी घेतले की शुक्रवार व शनिवार यांचा मेळ बसतो. बुधवाराचा मेळ कशानेही बसत नाही. तिथी आणि वार यांची संगती ही कागदाच्या खरेपणाची एक मुख्य कसोटी असल्याने, चुकीच्या सूत्रावर भरवसा ठेवणारा संशोधक अस्सल पत्रही बनावट ठरवून बसेल.

सी भाषेच्या प्रमाण संग्रहातील ‘एमकेटाइम’ येथे कामास येत नाही. काही प्रणालींवर ते १९७० पूर्वीच्या तारखांना उत्तरच देत नाही. अन्यत्र ग्रेगरीय गणित तसेच मागे ताणते.

म्हणून पद्धत कोणत्या दिवशी पालटली, हे फंक्शनला बाहेरून सांगण्याची सोय ठेवावी. ती तारीख आत कोरून टाकू नये. मूळ ‘कॅल’ने १७५२ कोरून ठेवले आहे, आणि म्हणूनच त्यात त्या वर्षीचा सप्टेंबर एकोणीस दिवसांचा छापला जातो. सुरत व मुंबई येथील इंग्रजांच्या पत्रांसाठी हे योग्य आहे. गोव्यातील पोर्तुगीज कागदांसाठी नाही, कारण १६७४ साली त्यांची तारीख इंग्रजांच्या दहा दिवस पुढे होती. छापताना गाळलेल्या तारखा नुसत्या ओलांडाव्या, पण वाराचा स्तंभ पुढे सरकवू नये.

इंग्रजी कागदांत आणखी एक अडचण आहे, व ती आज्ञावलीने सुटणारी नाही. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायद्याने वर्षारंभ २५ मार्चला होई. तेव्हा या रिवाजाने लिहिलेल्या पत्रावर १० फेब्रुवारी १६७३ असे असले, तर आज्ञावलीस द्यावयाचे साल १६७४ होय.