विश्लेषण : जुन्या कंपनीने पाठीमागे वाईट शेरा मारला तर?

ऐरोलीतल्या कंपनीचे ऑफर लेटर हातात पडलेले असते. डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने पुढे, असा रोजचा प्रवासही मनात आखून झालेला असतो. जुनी नोकरी सुटलेली असते आणि नव्या कंपनीच्या एचआरकडून दोन ओळींचा मेल येतो. पडताळणीत तफावत आढळल्याने ऑफर मागे घेत आहोत, एवढेच त्यात असते. तफावत कोणती, ते नसते. जुन्या कंपनीने काहीतरी लिहिले, एवढाच अंदाज बांधता येतो. अशा वेळी करायचे काय?

जुन्या कंपनीला नेमके विचारतात काय?

लेटरहेडवरचे शिफारसपत्र आता फारसे कोणी मागत नाही. मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या पडताळणी एजन्सीकडे देतात. एजन्सी जुन्या एचआरला एक तक्ता पाठवते. रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, पगार, नोकरी सोडण्याचे कारण, काही येणे बाकी आहे का, वर्तनाबद्दल तक्रार होती का आणि या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का, असे त्यातले रकाने असतात.

घोटाळा होतो तो शेवटच्या रकान्यांत. 'पुन्हा घ्याल का?' याला 'नाही' असे उत्तर असेल, तर कधी त्याचा अर्थ इतकाच असतो की, सोडून गेलेल्या कोणालाच परत न घेण्याचे कंपनीचे धोरण आहे. पण वाचणाऱ्याला ते कसे कळणार?

त्याहून घातक शब्द म्हणजे 'ॲब्सकाँडिंग', म्हणजे न सांगता पळून गेलेला. नोटीस पिरियड पूर्ण न करणाऱ्यांवरही हा शिक्का सर्रास मारला जातो. राजीनाम्याच्या मेलला पोच मिळाली आहे, उरलेल्या दिवसांचा पगारही कापून घेतला आहे आणि तरीही शेरा 'पळाला' असाच असेल, तर ती चक्क खोटी माहिती ठरते.

इथे मत आणि माहिती यांतला फरक ओळखायला हवा. 'कामात संथ होता' हे मत आहे. त्यावर वाद घालून हाती फारसे लागत नाही. 'पळून गेला', 'येणे बाकी आहे', 'शिस्तभंगाची कारवाई सुरू होती' ही मात्र कागदावर तपासता येणारी विधाने आहेत. भांडायचे ते यांच्यावर.

पहिला फोन कोणाला?

जुन्या साहेबाला नव्हे. पहिला फोन नव्या कंपनीच्या एचआरला करावा. कोणत्या रकान्यात तफावत आहे ते विचारून कागद सादर करायला मुदत मागावी आणि ते मेलवरही लिहावे. राजीनाम्याची पोच, पगाराच्या स्लिप, फॉर्म १६, बँकेचे स्टेटमेंट, रिलीव्हिंग लेटर हे सगळे त्याच दिवशी पाठवता आले तर उत्तम. ऑफिसचा मेल नोकरी संपताच बंद होतो. म्हणून स्वतःच्या नोकरीचे कागद (कंपनीचे गोपनीय कागद नव्हे) आधीच जपून ठेवावेत.

पीएफची सेवा-नोंदही उपयोगी पडते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर सदस्याला ती ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

त्यानंतर जुन्या एचआरला मेल करावा. त्यात राग नको, जुनी उणीदुणी नकोत. अमुक रकान्यातील माहिती चुकीची आहे, पुरावा जोडला आहे, दुरुस्ती करून एजन्सीला कळवावे, एवढेच लिहावे. शेरा मारणारा बहुधा एकटा मॅनेजर असतो. कंपनीच्या वरिष्ठांना लेखी वाद नको असतो.

शेरा खरा असेल तर मात्र लपवू नये. कंपनीच्या बॉण्डला कायद्यात किंमत नसते, ही समजूत चुकीची आहे. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. त्या अधिकाऱ्याने निषेध नोंदवून रक्कम भरली होती आणि मग न्यायालयात दाद मागितली होती. खटला तो हरला, पण तो क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पैसे भरलेले असले की 'येणे बाकी' हा शेरा उरत नाही.

कायदा कुठपर्यंत साथ देतो?

खासगी कंपनीने चांगलाच शेरा द्यावा, असा कायदा भारतात नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद असते. डोंबिवली, अंबरनाथच्या एमआयडीसीतील कामगारांनी आपल्या कारखान्याचे आदेश एकदा पाहावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. ते अडवल्यास ठाण्यातील कामगार उपायुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते.

बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. मात्र सद्भावनेने, कोणाच्या हितरक्षणासाठी केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे आणि कंपन्या नेमक्या त्याच्याच आड उभ्या राहतात. लेखी बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा एका वर्षात करावा लागतो. वकिलाची नोटीस जरूर द्यावी. पण खटल्याच्या निकालापर्यंत नवी कंपनी जागा रिकामी ठेवणार नाही, हेही खरे.

ब्रिटनमध्ये हीच अडचण १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आली होती. 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स' या खटल्यात एका विमा विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावरच शेऱ्यात बोट ठेवले गेले होते. लिहिणाऱ्याचा द्वेष सिद्ध झाला नाही, त्यामुळे बदनामीचा मार्ग बंद होता. तरीही शेरा देताना वाजवी काळजी घेणे मालकाचे कर्तव्य आहे आणि हलगर्जीपणाची भरपाई मागता येते, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण वकिलाला त्याचा आधार घेता येतो.

आपल्याकडे सरकारी नोकरांची स्थिती थोडी बरी आहे. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'देव दत्त' खटल्यात सांगितले. खासगी नोकरीत असे बंधन नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मागता येते. त्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. सोबत ऑफर मागे घेतल्याचा मेल आणि राजीनाम्याची पोच न्यायला विसरू नये.