डबा हाणला, गुन्हा झाला का?

माझ्या रूममेटने मागच्या सुट्टीत नांदेड-लातूर एसटीत एकाच्या कपाळावर स्टीलचा डबा हाणला. लोह्यापासून तो सीटच्या फटीतून हात घालत होता. अहमदपूर स्टँडवर तो उतरून पळाला, पण लोकांनी धरून चांगलाच बदडला. सगळ्यांनी हिला शाबासकी दिली, हिला मात्र झोप येईना. "माझ्यावर केस होईल का गं?" शिवाय घरी नानीचा प्रश्न, "अपना मजहब क्या बोलता?" कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दुसरा गाल पुढे करायला शिकवलेलं, त्यामुळे मला दोन्ही उत्तरं येत नव्हती. मग वाचायला बसले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. (मराठवाड्याला जुनी भारतीय दंडसंहितासुद्धा १९५१ मध्येच मिळाली, त्याआधी निजामाची वेगळी होती.) कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. स्वतःचंच नाही, दुसऱ्याचंही शरीर वाचवायचा हक्क आहे. जिवाची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असेल तर हल्लेखोर मेला तरी गुन्हा नाही. छेडछाडीत मारता येतं, जीव घेता येत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, पण धावत्या एसटीत कुठले पोलीस? स्वसंरक्षण होतं हे आरोपीनेच दाखवायचं असतं, तरी पटण्यासारखं असलं की पुरतं. म्हणून बसचं तिकीट फेकू नका!

शरियतमध्येही हल्लेखोराला परतवायचा हक्क आहे. ओरडून भागलं तर हात नको, हाताने भागलं तर हत्यार नको. बाराव्या शतकातला 'हिदाया' हा हनफी ग्रंथ वाचून तर मी चाटच पडले. काठी उगारणाऱ्याला रात्री, किंवा दिवसा गावाबाहेर ठार केलं तर माफ. भर दिवसा शहरात केलं तर नाही, कारण तिथे हाक मारली की मदत येते. म्हणजे आपलं पोलिसांचं कलमच की! आणि वार करून मागे फिरलेल्याला ठार मारलं तर तो खूनच.

१७०८ मध्ये नांदेडला गुरु गोबिंदसिंगजींवर हल्ला झाला. शीख परंपरेनुसार त्यांनी हल्लेखोराला जागीच ठार केलं. दोन्ही कायद्यांत त्याला कुणी बोट लावू शकणार नाही.

डब्याचा फटकाही दोन्हीकडे बसतो. स्टँडवरचा मार मात्र कुठेच बसत नाही. पळणाऱ्याला धरून पोलिसांकडे द्यायचं, बस.

हे ऐकून रूममेट हळूच म्हणाली, "त्यातल्या दोन चपला माझ्या होत्या." तेवढं नाही बसत, असं मी सांगितलं. दोन दिवस अबोला होता.