गोटा टायर रेसमध्ये चालतो, कोपरीच्या पुलावर नाही

पावसाळा तोंडावर आला असताना आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत एका टायरच्या दुकानात बसलो होतो. डोंबिवलीचा एक तरुण गाडीत हवा भरून घ्यायला आला. दुकानदारांनी चाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, चारही टायर गोटा झालेत. पाऊस पडायच्या आत बदलून घे."

तरुण हसला. "चाचा, रेसच्या गाड्यांचे टायर तर कंपनीतूनच गोटा येतात. त्या तीनशेच्या वेगाने पळतात, मग माझ्या गाडीला काय होणार?"

चाचा गप्प राहिले. गिऱ्हाईक हवा भरून निघून गेले. टायरच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांना हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागणारच. म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

रेसचा टायर गुळगुळीत असतो हे खरे. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून आणि त्याला चिकटून पकड घेते. कोरड्या रस्त्यावर खाचा नसल्या तर जास्त रबर रस्त्याला टेकते आणि पकड वाढते. शिवाय हे रबर मुद्दाम मऊ बनवलेले असते. ते साधारण शंभर अंशांपर्यंत तापले तरच नीट काम करते, म्हणून फॉर्म्युला वनमध्ये टायर विजेच्या गरम दुलईत गुंडाळून ठेवतात. या पकडीची किंमतही मोजावी लागते. सुमारे तीनशे किलोमीटरच्या शर्यतीत टायर एकदा तरी बदलावेच लागतात. आपल्या गाडीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालावा अशी आपली अपेक्षा असते.

आता झिजून गोटा झालेला टायर पाहा. त्याचे रबर जुने आणि कडक झालेले, थर पातळ झालेला. रेसच्या टायरचा मऊपणा त्यात नाही आणि नव्या टायरच्या खाचाही नाहीत. दिसायला दोन्ही सारखे, गुण मात्र एकाचाही नाही.

खाचांचे काम पाण्याला वाट देणे. ती वाट मिळाली नाही की टायर पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक दाबून आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. रेसवाल्यांना हे पक्के ठाऊक असते. पाऊस सुरू होताच ते गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर लावतात. फॉर्म्युला वनचा पावसाळी टायर तीनशेच्या वेगाला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असे तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. रेसमध्ये टायर बदलायला माणसे तयार उभी असतात. कोपरीच्या रेल्वे पुलावर भर पावसात आपल्यासाठी कोण उभे असते?

हवेचेही असेच आहे. रेसचा टायर धावताना खूप तापतो आणि आतला दाब वाढतो, म्हणून तो हिशोब धरूनच सुरुवातीची हवा ठरवतात. हे ऐकून काहीजण रस्त्यावरच्या गाडीतही हवा कमी ठेवतात. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि लांबच्या प्रवासात टायर फुटू शकतो. हवा गाडीच्या दारावर लिहिलेली असते तेवढीच ठेवावी आणि ती टायर थंड असताना तपासावी.

चाकांचे वेडही रेसमधूनच आले. आपण ज्याला मॅगव्हील म्हणतो ते नाव मॅग्नेशियमवरून पडले. चाक हलके असले की वेग घेणे, थांबणे आणि खड्ड्यावरून जाताना रस्ता न सोडणे सोपे होते, म्हणून रेसमध्ये या धातूची चाके आली. बाजारात त्या नावाने मिळणारी चाके बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. केवळ रुबाबासाठी मापाबाहेरचे रुंद चाक आणि कमी जाडीचा टायर बसवला तर तो मडगार्डला घासतो, बेअरिंगवर ताण येतो आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकते.

रेसकडून घ्यायचाच असेल तर वेगळा धडा घ्यावा. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनची शर्यत होती. सरावात एका वळणावर मिशेलिनचे टायर निकामी झाले. हे टायर त्या वळणावर पूर्ण वेगाला सुरक्षित नाहीत, असे कंपनीने स्वतः सांगितले. तिचे टायर असलेल्या १४ गाड्यांनी माघार घेतली आणि शर्यत फक्त सहा गाड्यांची झाली. जगभर नाचक्की झाली. पुढे प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसेही कंपनीने देऊ केले. पण त्या १४ चालकांपैकी कोणाचाही जीव त्या टायरांपायी गेला नाही.

आमच्या टायरवाल्या बंधूंना हेच सांगणे आहे. गिऱ्हाइकाला तोंडी न सांगता दाखवा. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा संपली. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुना टायर विकताना हे आकडे लपवू नका. मुलांना पंक्चरबरोबर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे कामही शिकवा. ट्यूबलेस टायर आल्यापासून नुसत्या पंक्चरवर दुकान चालवणे अवघड झाले आहे.

चाचांना आम्ही हे सारे सांगितले. ते म्हणाले, "आता तो पोरगा पुन्हा आला, तर त्याला विचारीन. रेसवाले पाऊस पडला की काय करतात, ते ठाऊक आहे का?"