उंदराचा रंग आणि रक्ताची भाषा

पिंजऱ्यात काळी नर-मादी ठेवावी आणि पिलांत एखादे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे निघावे, असे पुष्कळदा घडते. पाळणारा मग मादीविषयी शंका घेतो, किंवा ‘रक्तात भेसळ आहे’ म्हणून जोडीच विकून टाकतो. रक्ताची ही भाषा आपण उंदरांपुरती ठेवीत नाही, हे नाशिककरांना निराळे सांगायला नको. म्हणून हा क्षुल्लक दिसणारा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे.

रंग रक्तात नसतो. तो केसातल्या दोन रंगद्रव्यांचा असतो, एक काळसर आणि एक पिवळसर. रानातल्या उंदराचा केस उजेडात धरला तर टोक काळसर, त्याखाली पिवळा पट्टा आणि बुडाशी करडा रंग दिसतो. या पट्ट्यांमुळेच तो मातीत मिसळून जातो. पट्टा उमटविणारे जनुक बिघडले की केस सबंध काळा होतो. रंगद्रव्य बनविणारे जनुकच निकामी झाले तर केस पांढरे होतात आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या लाल दिसतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. रंगद्रव्याची एक प्रत चांगली असली तरी काम भागते. निकामी प्रत मुकाट्याने पुढच्या पिढीकडे जाते. दोन्ही काळ्या आईबापांजवळ अशी एकेक प्रत दडलेली असेल, तर सरासरीने चार पिलांत तीन काळी आणि एक पांढरे. मेंडेलने वाटाण्यांवरून हा हिशेब १८६६ साली प्रसिद्ध केला. उंदरांनाही तो लागू पडतो, हे फ्रान्समध्ये क्वेनो याने १९०२ साली दाखविले. तेव्हा मादी निर्दोष, आणि नर तितकाच वाटेकरी!

काळ्या उंदरात पांढऱ्याची प्रत दडली आहे का, हे नुसते पाहून कळत नाही. त्याची जोडी पांढऱ्याशी लावावी. एक जरी पांढरे पिलू झाले तरी उत्तर मिळाले. आठही काळी झाली तर मात्र दडलेली प्रत असण्याचा संशय फार थोडा उरतो. कारण ती असूनही आठही काळी होण्याचा योग २५६ मध्ये एकच. वंशावळीच्या बढाया मारण्यापेक्षा ही मोजणी बरी.

उंदरांच्या रंगांवर काम करणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव आम्हा चळवळीतल्या माणसांना जवळचे आहे, कारण ते लंडनच्या ‘डेली वर्कर’ या कामगारांच्या पत्रात विज्ञानावर लिहीत. त्यांनी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह १९१५ साली दाखविले की, पांढरेपणा आणि गुलाबी डोळे यांची जनुके बरोबर वाटली जातात, म्हणजे एकाच गुणसूत्रावर असतात. निबंध निघाला त्याच वर्षी स्प्रंट महायुद्धात मारला गेला. हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याला आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

आता पिवळ्या उंदरांची गोष्ट. क्वेनोला पिवळ्या जोडीपासून पिवळी आणि इतर रंगांची पिले २ ला १ या प्रमाणात मिळाली, ३ ला १ नव्हे. शुद्ध पिवळे वाण काही हाती लागेना. ज्याने गिरणीचे हजेरीपट तपासले आहेत तो विचारील, चौथे कोठे गेले? त्याचे उत्तर १९१० साली मिळाले: ज्याला पिवळेपणाच्या दोन्ही प्रती मिळतात ते पिलू आईच्या पोटातच मरते. शुद्ध पिवळी जोडी देतो असे कोणी म्हणाला, तर या जातीपुरते ते शक्य नाही.

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातला, आता जगभर पाळला जाणारा जर्बिल हा प्राणीही याच हिशेबात बसतो. त्याच्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती पिलाला जगू देत नाहीत. हौशी माणसे सुंदर ठिपक्यांच्या लोभाने ठिपकेवाला आणि ठिपकेवाली एकत्र आणतात. त्यांची सुमारे चौथाई पिले जन्मापूर्वीच जातात. त्याऐवजी एकाला ठिपके आणि दुसरा साधा अशी जोडी लावावी. निम्मी पिले ठिपकेवाली होतात आणि या कारणाने एकही दगावत नाही.